याबेस म्हणजे 'दुःख'च का?

बायबलच्या जुन्या करारातल्या १ इतिहास ४:९-१० मधला याबेस. यहूदाच्या वंशावळीत नावांमागून नावं चाललीयेत आणि मधेच हा येतो, बापाचं नाव नाही, मुलांची नावं नाहीत, फक्त एवढंच की भावांपेक्षा मानाचा होता आणि आईने 'मी याला क्लेशाने प्रसवले' म्हणून हे नाव ठेवलं. सगळीकडे अर्थ 'दुःख' दिलाय. बरोबर आहे का?

– पूर्ण नाही. मूळ हिब्रूत आई म्हणते 'बे-ओत्सेव' (क्लेशाने), त्यातला धातू अयिन-त्सादे-बेथ या तीन हिब्रू अक्षरांचा. पण नावात योद-अयिन-बेथ-त्सादे, म्हणजे शेवटची दोन अक्षरं उलटलेली. आपल्याकडे नुकसानचं नुस्कान होतं ना तसं, फक्त हे तोंडातल्या तोंडात झालेलं वाटत नाही. सुरुवातीचा योद ('य') याकोब, इसहाक (हिब्रूत यित्सहाक) या नावांतही आहे, क्रियापदाचं रूप. सरळ ठेवलं असतं तर नावच 'तो क्लेश देतो' झालं असतं. आईने म्हणून फिरवलं असावं, हे माझं मत हां.

– +१. आणि पुढच्याच ओवीत तो प्रार्थना करतो, माझी सीमा वाढव, अरिष्टापासून राख, मला क्लेश होऊ नये, तिथे तोच धातू सरळ क्रमाने परत येतो. लिहिणाऱ्याला खेळ माहीत होता. बन्यामीनचं आठवा, राहेलीने मरताना बेनओनी ('माझ्या दुःखाचा मुलगा') ठेवलं तर बापाने, याकोबाने, लगेच बदललं. याबेसचं कोणी बदललं नाही, त्याने स्वतःच देवाकडे मागितलं.

– अहो पण मराठीत काय म्हणायचं ते सांगा की. 'कळा' म्हटलं तर नुसतं शरीर, 'दुःख' म्हटलं तर नुसतं मन. उत्पत्ती ३:१६ मधे हव्वेच्या बाळंतपणाला हाच धातू आणि ३:१७ मधे आदामाच्या शेतातल्या राबण्याला पण हाच. आजच्या हिब्रूत 'अत्सुव' म्हणजे उदास. मला तर 'कष्ट' एकदम फिट वाटतं, शेतात कष्ट करतो आणि मनाने कष्टी होतो, दोन्ही त्यात आलं.

– कष्ट मस्त. 'दुःख' खोडा.

– तालमूदवाल्यांनी (तालमूद म्हणजे यहुदी रब्बींचा जुना ग्रंथ) तर वेगळीच फोड केलीये, त्यातल्या तमूरा या भागात, १६अ मधे, याबेस म्हणजेच अथनिएल हा शास्ता, कारण त्याने सल्ला दिला ('याअत्स') आणि तोरा, म्हणजे धर्मशास्त्र, पसरवली ('रिब्बेत्स'). व्युत्पत्ती म्हणून घेऊ नका, पण वाचायला मजा येते.

– याबेसचंच हिब्रू स्पेलिंग १८व्या शतकातल्या याकोब एम्डेन (१६९७-१७७६) या रब्बींच्या टोपणनावाचा, याकोब बेन त्स्वी, आद्याक्षरं जोडली की याआवेत्स. कष्टाशी काही संबंध नाही त्याचा.

– १ इतिहास २:५५ मधे याबेस गावाचं नाव पण आहे, तिथे लेखकांची, म्हणजे शास्त्र्यांची घराणी राहायची. माणूस आणि गाव यांचा संबंध मजकूर सांगत नाही, तेव्हा जोडू नये.