‘कल्चर सिस्टीम’ म्हणजे संस्कृती नव्हे

दौतटाक:
नेदरलँड्सच्या आर्थिक इतिहासावरचा एक लेख इंग्रजीतून मराठीत आणते आहे. त्यात १८३० नंतरच्या जावाबद्दल, म्हणजे आज इंडोनेशियात असलेल्या तेव्हाच्या डच वसाहतीबद्दल, सारखी ‘कल्चर सिस्टीम’ येते. मी बिनदिक्कत ‘सांस्कृतिक व्यवस्था’ लिहीत गेले. चार पानं पुढे त्या संस्कृतीत ऊस, कॉफी आणि नीळ उगवायला लागली, तेव्हा पाल चुकचुकली. शब्द सुचवा. शिवाय ‘डच’ लिहू की ‘वलंदेज’? संपादक म्हणतात, वलंदेज आता कुणाला कळत नाही.

जुना कारकून:
ऊस वेळेवर उगवला म्हणायचा! मूळ डच शब्द ‘कुल्तूरस्टेल्सेल’. ‘स्टेल्सेल’ म्हणजे पद्धत. ‘कुल्तूर’ म्हणजे संस्कृतीही आणि पिकाची लागवडही. इंग्रजीवाल्यांनी तो शब्द जसाच्या तसा उचलला आणि पुढच्या भाषांतरकारांसाठी खड्डा खणून ठेवला. इथे अर्थ लागवडीचाच.

आता ती कसली लागवड, ते पाहा. १८२५ ते १८३० जावात तिथला राजपुत्र दिपोनेगोरो याचं डचांशी युद्ध चाललं, त्यात डच खजिना आटला. १८३० मध्येच घरी बेल्जियम फुटून निघालं. त्या वर्षी योहानेस फान डेन बॉश गव्हर्नर जनरल म्हणून जावात आला. त्याची योजना अशी: गावाने जमिनीचा पाचवा हिस्सा सरकार सांगेल त्या निर्यातीच्या पिकाखाली घालायचा आणि त्या पिकाच्या पैशातून सारा वळता करायचा. जमीन नसेल त्याने वर्षाला ६६ दिवस राबायचं.

हे कागदावर. प्रत्यक्षात पाचवा हिस्सा कुठल्या कुठे गेला. भाताच्या पाणभरल्या खाचरांत ऊस घुसला. गोम अशी की डच अधिकारी आणि स्थानिक सरदार या दोघांनाही गोळा होणाऱ्या मालावर टक्का ठरलेला होता. मोजणाऱ्याचाच फायदा जास्त मोजण्यात असेल तर आकडा कुठे थांबणार? १८४० च्या दशकाच्या शेवटी मध्य जावातल्या देमक आणि ग्रोबोगन भागात माणसं उपाशी मेली.

तेव्हा ‘सक्तीची लागवड’ लिहा. हा माझा शोध नाही. इंडोनेशियात याला ‘तानाम पाक्सा’ म्हणतात. तानाम म्हणजे लावणी, पाक्सा म्हणजे सक्ती. ज्यांच्या पाठीवर वळ उठले त्यांनी दिलेलं नाव आहे, आपण वेगळं कशाला शोधायचं?

काठावरचा:
पण कारकूनकाका, गावांना मोबदला मिळत होता ना? मग ‘सक्ती’ म्हणणं एकतर्फी नाही का? ‘सरकारी लागवड’ चालेल की.

जुना कारकून:
मिळायचा. पण पीक कोणतं, दर किती आणि घेणारा कोण, हे तिन्ही सरकार ठरवणार. इंग्रजी अमलात बिहारमधल्या चंपारणच्या तीनकठिया पद्धतीतही निळीचे पैसे मिळत; वीसपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ लावायचीच, हे मात्र ठरलेलं. ‘सरकारी लागवड’ म्हटलं की मला वनखात्याची रोपवाटिका दिसते.

आणखी एक शब्द तुमच्या लेखात येईलच, ‘बाटिख स्लॉट’. खर्चवेच जाऊन वसाहतीच्या हिशेबात उरलेली आणि हॉलंडच्या तिजोरीत गेलेली रक्कम. १८३१ ते १८७७ मिळून ती ८० कोटी गिल्डरांच्या वर जाते. १८५० च्या दशकात डच सरकारच्या एकूण उत्पन्नाचा जवळजवळ तिसरा हिस्सा हाच होता. राजा विलेम पहिला याने १८२४ मध्ये काढलेली व्यापारी कंपनी जावाचा माल ॲमस्टरडॅमला नेऊन विकायची. त्या पैशातून जुनी कर्जं फिटली, लोहमार्ग झाले. १८६३ मध्ये सुरिनाममध्ये गुलामगिरी संपली तेव्हा मालकांना गुलामामागे ३०० गिल्डर भरपाई मिळाली, तिलाही हाच पैसा उपयोगी पडला. गुलामांना काही नाही.

काठावरचा:
मग सरळ ‘लूट’ लिहा!

जुना कारकून:
नको. लूट दरोडेखोर करतो, तो वही ठेवत नाही. इथे पै-पैचा जमाखर्च आहे. आपल्या वहीतला ‘श्रीशिल्लक’ शब्द वापरावा असं मला वाटतं. ‘जावाची श्रीशिल्लक’. त्यातला ‘श्री’ जितका टोचेल तितकं बरं.

वखारवाडी:
वलंदेजांविषयी मी बोलतो, वेंगुर्ल्याचा आहे. आमच्याकडे डच वखारीचे पडके अवशेष अजून उभे आहेत. १६३७ ची वखार, पोर्तुगीजांच्या गोव्याची डचांनी केलेली नाकेबंदी चालू असताना रसद पुरवायला सोयीची. आणि हो, तिला कुणी ‘डच कारखाना’ लिहू नका! जुन्या इंग्रजीतली ‘फॅक्टरी’ म्हणजे फॅक्टरचं, अर्थात दलालाचं ठाणं. तिथे माल साठतो, बनत नाही.

‘वलंदेज’ आला पोर्तुगीज ‘ओलांदेश’वरून. त्यांचं नाव आपल्याला त्यांच्या वैऱ्यांनी सांगितलं! वलंदेज आधी लिस्बनहून मसाला घेऊन उत्तर युरोपात विकत. १५८० मध्ये पोर्तुगाल स्पेनच्या राजाकडे गेलं आणि स्पेनशी तर यांचं युद्ध. मग स्वतःच निघाले. वाट कुणी दाखवली? लिन्सखोटेन नावाच्या त्यांच्याच माणसाने. तो १५८३ पासून काही वर्षं गोव्यात आर्चबिशपचा चिटणीस होता. पोर्तुगीजांचे जलमार्ग टिपून नेले आणि घरी जाऊन छापले.

१६०२ मध्ये त्यांची ईस्ट इंडिया कंपनी (डच आद्याक्षरं व्हीओसी) उभी राहिली, ६४ लाख गिल्डरांच्या भांडवलावर. ॲमस्टरडॅमला ज्या संचालकाच्या घरी भागांची नोंदणी चालली, त्याच्या मोलकरणीनेही १०० गिल्डर घातले. युद्ध, तह आणि किल्ले बांधण्याची सनद मात्र सरकारने दिलेली. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात हेच हेरलंय: हे टोपीकर सावकारी करतात, पण इतर सावकारांसारखे नव्हेत, यांचे धनी राज्य करतात. इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर १६२१ मध्ये जायफळाच्या मक्तेदारीसाठी कंपनीचा गव्हर्नर जनरल कून याने जवळजवळ सगळी वस्ती नाहीशी केली. सावकाराने एवढं करावं?

तर माझा तोडगा: १७९९ मध्ये कंपनी कर्जात बुडेपर्यंत ‘वलंदेज’. तिची बेटं आणि कर्जं सरकारच्या गळ्यात पडली, तिथून पुढे ‘डच’. कंपनीच्या आद्याक्षरांचा तिकडे एक चावट विस्तार करतात, ‘फरगान ओंडर कोरुप्सी’, म्हणजे भ्रष्टाचारापायी बुडाली.

काठावरचा:
जाता जाता: बंगालीत पत्त्यांतल्या बदाम, चौकट, इस्पिकला हरतन, रुइतन, इस्कापन म्हणतात, ते डच शब्द आहेत. बंगालातल्या चुंचुड्याला वलंदेज १८२५ पर्यंत होते. आणि डचमध्ये किलवरला ‘क्लावर’ म्हणतात. बघा बुवा.

दौतटाक:
सर्वांचे आभार. ‘सक्तीची लागवड’ घेतली, ‘श्रीशिल्लक’ही घेतली. वखारवाडीदादांचा १७९९ चा नियम संपादकांना पटला. ‘सांस्कृतिक व्यवस्था’ सहा ठिकाणी होती ती बदलली. सातवी मथळ्यात निघाली, आणि मथळा काल छापायला गेलाय.