छोट्या सोशल नेटवर्कवर मार्केटिंग करण्यात अर्थ आहे का? माझ्या मते नक्कीच आहे

शाईदौत:
मार्केटिंगबद्दल कोणालाही विचारा, सल्ला एकच मिळतो, फेसबुक-इन्स्टावर रहा, लोक तिथे आहेत. लोक आहेत हे खरं, पण ते तुमची पोस्ट बघतात का? धंद्याच्या पेजेसचा रीच, म्हणजे पोस्ट किती लोकांपर्यंत पोचते ते, आधीपासूनच घसरत होता, आणि जानेवारी २०१८ मध्ये तर फेसबुकने सरळ जाहीर केलं की फीडमध्ये आता घरच्यांच्या आणि मित्रांच्या पोस्टना प्राधान्य, पेजेसच्या पोस्ट कमी दिसतील. आता पेजला भरपूर लाईक्स असले तरी बूस्टचे, म्हणजे पोस्ट जास्त लोकांना दाखवण्याचे, पैसे भरल्याशिवाय पोस्ट हलत नाही.

मी चित्रं काढून विकते, एकटीच सगळं बघते, जाहिरातीसाठी वेगळं बजेट नाही. अशा माणसाने मोठ्या नेटवर्कवर हजेरीपुरतं रहावं आणि खरा वेळ पिंटरेस्ट (चित्रं शोधून जमवायची साईट), रेडिट (विषयवार चर्चांची साईट), ब्लूस्काय, मॅस्टोडॉन (ही दोन्ही ट्विटरसारखी) यांपैकी कुठल्यातरी एका ठिकाणी द्यावा असं माझं ठाम मत आहे. एकाच ठिकाणी, चारही ठिकाणी नाही. पिंटरेस्टचंच घ्या, तिथे लोक काहीतरी करायचं ठरवून शोधायला येतात, खोली सजवायचीय, भिंतीवर काय लावू, असं. पिनला, म्हणजे तिथल्या पोस्टला, थेट आपल्या साईटची लिंक देता येते, शीर्षक आणि वर्णन लोक जे शब्द शोधतात त्या शब्दांत लिहिलं तर जुनी पिन पण सर्चमध्ये सापडत राहते. इन्स्टावर साध्या पोस्टच्या कॅप्शनमधली लिंक क्लिकसुद्धा होत नाही, आणि दोन दिवसांनी ती पोस्ट कोण बघतंय?

तिसरा डोळा:
साफ असहमत. एकटं माणूस म्हणताय ना, मग त्याच्याकडे सगळ्यात कमी असतो तो वेळ, आणि तोच तुम्ही अशा जागी घालायला सांगताय जी उद्या असेल की नसेल सांगता येत नाही. गूगल प्लस आठवतंय का, गूगलचं सोशल नेटवर्क? २०११ ला आलं तेव्हा मार्केटिंगवाले मागे लागले होते की लगेच अकाउंट काढा, सर्चमध्ये फायदा होईल, लोकांनी सर्कल्स (ओळखीच्यांचे गट) केली, कम्युनिटी वाढवल्या आणि एप्रिल २०१९ मध्ये सामान्य युजरसाठी ते बंद. ऑर्कुट सप्टेंबर २०१४ ला गेलं. वाइनवर सहा सेकंदांचे व्हिडिओ करून ज्यांनी नाव कमावलं त्यांना २०१७ च्या सुरुवातीला गाशा गुंडाळून दुसरीकडे जावं लागलं. फॉलोअर्स काही बरोबर नेता येत नाहीत. मोठ्या ठिकाणी फुकटचा रीच नसेल, पण जाहिरात कोणाला दाखवायची ते ठरवता येतं आणि चालतेय की नाही ते लवकर कळतं.

शाईदौत:
गूगल प्लसच्या मागे गूगलएवढी कंपनी होती तरी ते गेलंच ना, मग मोठ्या नावाचा भरवसा कसला? आणि फॉलोअर्स नेता येत नाहीत हे फेसबुकलाही तितकंच लागू आहे. उलट मॅस्टोडॉन वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या अनेक सर्व्हरवर पसरलेलं आहे, तिथे सर्व्हर बदलला तर फॉलोअर्स नव्या अकाउंटवर आणता येतात, जुन्या पोस्ट मात्र मागे राहतात. ब्लूस्कायवर आपलं डोमेनच (साईटचा पत्ता) हँडल, म्हणजे अकाउंटचं नाव, म्हणून लावता येतं, म्हणजे आपल्याला शोधणारा माणूस साईटचा पत्ता पण शिकतो.

टर्मिनल:
रेडिटबद्दल सांगतो, माझं छोटं सॉफ्टवेअर टूल आहे आणि बरेचसे ग्राहक तिथूनच येतात. पण मार्केटिंग करायच्या तयारीने तिथे उतरलात तर हाकलून देतील. प्रत्येक सबरेडिटचे (एकेका विषयाच्या गटाचे) नियम वेगळे, काही ठिकाणी स्वतःची लिंक अजिबात चालत नाही, काही ठिकाणी त्यासाठी आठवड्याचा एक ठरलेला धागा असतो. नवीन अकाउंट, कर्मा (लोकांच्या पसंतीतून मिळणारे गुण) शून्य आणि पहिल्याच पोस्टमध्ये लिंक असेल तर बऱ्याच ठिकाणी ऑटोमॉडरेटर हा आपोआप चालणारा प्रोग्रामच ती उडवतो. दहातली एकच पोस्ट स्वतःच्या मालाची असावी असा जुना दंडक होता, मी अजूनही तोच पाळतो. लोकांच्या अडचणी सोडवतो, टूलचं नाव काढत नाही, कोणी विचारलं तर सांगतो आणि ते मीच बनवलंय हेही त्याच वाक्यात सांगतो, कारण जुन्या पोस्ट उघडून बघणारे लोक तिथे खूप आहेत आणि लपवलेलं सापडलं की संपलं. याचं फळ म्हणजे गूगलवर तो प्रश्न टाकला की धागा वर येतो, वाचणारे नंतरही येत राहतात.

तिसरा डोळा:
आणि हे सगळं मॉडरेटरच्या, म्हणजे गट सांभाळणाऱ्याच्या, मर्जीवर. रेडिटने एपीआयचे, म्हणजे बाहेरच्या ॲपना तिथला मजकूर वापरू देण्याचे, पैसे लावायचं ठरवलं म्हणून जून २०२३ मध्ये हजारो सबरेडिट निषेध म्हणून खाजगी झाले होते, तुमची मेहनतीने लिहिलेली उत्तरं पण त्याच कुलपात गेली असतील.

टर्मिनल:
काही गेली, बरीचशी परत आली. माणसं निषेध करतात कारण ती जागा त्यांना आपली वाटते, आणि अशाच जागी शिफारशीला वजन असतं. जाहिरातीत ते वजन कुठून आणणार?

पाणवठा:
मी जरा वेगळ्या बाजूने बोलते, मी मॅस्टोडॉनवर राहणारी आहे, विकणारी नाही. शाईदौत, तुम्ही यादीत ते नाव इतक्या सहज घातलंत म्हणून लिहावंसं वाटलं. तिथे जाहिराती नाहीत, पैसे देऊन पोस्ट वर आणता येत नाही, फीड वेळेच्या क्रमाने दिसतं, आणि बरेचसे सर्व्हर स्वयंसेवक लोकांच्या देणग्यांवर चालवतात. काही सर्व्हरच्या नियमांतच लिहिलंय की धंद्याची अकाउंट नकोत. कोणी रोज शेड्यूल करून त्याच त्याच पोस्ट ढकलायला लागलं तर लोक म्यूट करतात, आणि सर्व्हरच्या ॲडमिनने दुर्लक्ष केलं तर बाकीचे सर्व्हर अख्खा तो सर्व्हरच ब्लॉक करू शकतात, मग त्यावरच्या बाकीच्या बिचाऱ्यांचाही संपर्क तुटतो. हा त्रास मार्केटिंगच्या लेखांत कधीच येत नाही. चित्रकारांनी आपलं काम दाखवावं, लोक आनंदाने बूस्ट करतात (तिथे बूस्ट म्हणजे फुकट पुढे पाठवणं), फक्त ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशा वाचकांसाठी चित्राखाली वर्णन लिहा, इतरांच्या कामावर दोन शब्द बोला. ते जमणार नसेल तर कृपा करून येऊ नका.

शाईदौत:
वर्णन मी लिहिते आणि बोलतेही, मला त्यात ओझं वाटत नाही. पण चित्र विकायला आहे हे सांगणं आणि त्याच त्याच पोस्ट ढकलणं यात फरक करा ना. पोट भरायला चित्र विकणाऱ्याने ते सांगूच नये का?

पाणवठा:
जरूर सांगा. आधी चार दिवस राहून बघा कोण काय बोलतंय, एवढीच अपेक्षा आहे. छोट्या जागेत प्रत्येकाचं वागणं बाकीच्यांना भोवतं.

तिसरा डोळा:
म्हणजे बघा, राहून बघा, बोला, वर्णन लिहा, नियम वाचा, हा सगळा वेळ कुठल्या हिशोबात धरायचा? आकडे कोणीच देत नाही. पिंटरेस्ट मी मान्य करतो, दिसण्यासारखा माल असेल त्याला ते उपयोगी आहे. पण हिशोब ठेवायचं काम करणाऱ्याने पिन कसली लावायची?

टर्मिनल:
आकड्यांसाठी प्रत्येक ठिकाणच्या लिंकला वेगळा यूटीएम टॅग (लिंकच्या शेवटी जोडायची खूण) लावा, कुठून किती आले ते साईटच्या ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे भेटींच्या आकडेवारीत, दिसतं. तरी नाव वाचून नंतर थेट साईटवर येणारा त्यात सापडत नाही, म्हणून मी साइनअपच्या फॉर्मवरच विचारतो की कुठे ऐकलंत. आणि हिशोबवाल्याने पिन लावूच नये. ग्राहक फोनवर जे प्रश्न विचारतात ते त्यांच्याच शब्दांत गूगलवर टाकून बघा. पहिल्या पानावर रेडिटचे किंवा क्वोरा या प्रश्नोत्तरांच्या साईटचे धागे आले तर तिथे उत्तरं लिहिण्यात वेळ घाला, नाही आले तर तुमचं बरोबर, जाहिरातच द्या.