मदत हवी आहे: एलएमएमएसमध्ये कळ दाबली की आवाज मागून येतो

हलगीवाला
एलएमएमएस या संगीत रचायच्या सॉफ्टवेअरला मिडी कीबोर्ड (संगणकाला कळांचे संकेत पाठवणारा) जोडलाय. हलगीचं सॅम्पल (रेकॉर्ड केलेला आवाज) टाकून वाजवतोय, पण कळ दाबल्यावर आवाज उशिरा येतो, ताल जमतच नाही. पुन्हा इन्स्टॉल करून झालं. शनिवारी ट्रॅक द्यायचाय. नेमकी सेटिंग सांगा.

रात्रपाळी
विंडोज की लिनक्स? आवृत्ती कुठली? आवाज कशातून ऐकताय?

जुना_पेंग्विन
लिनक्स टाका, जॅक हा आवाजाचा सर्व्हर लावा आणि आर्डर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरा. विषय संपला.

खर्जातला
पेंग्विनदादा, शनिवारी ट्रॅक द्यायचाय, नवी सिस्टीम कधी बसवायची? आर्डर रेकॉर्डिंगला चांगलं, बीट रचायला एलएमएमएसच सोपं.

जुना_पेंग्विन
सोपं म्हणूनच लोक तिथेच अडकून बसतात.

हलगीवाला
विंडोज १०, एलएमएमएस १.२.२. लॅपटॉप साधाच. मी सेटिंग विचारली होती.

कायदेपंडित
एलएमएमएस जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आहे, पण त्यात केलेलं संगीत तुमचंच. बिनधास्त विका. सॅम्पल दुसऱ्याचं असेल तर मात्र त्याचा परवाना बघा.

रात्रपाळी
विकायचं कोण विचारतंय! हलगीवाले, सेटिंगमध्ये बफर (आवाज बाहेर जाण्याआधी साठतो तो तुकडा) २५६ ठेवा. ४८००० सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाच्या तितक्या नोंदी) तो साधारण ५ मिलिसेकंद होतो, १०२४ ला २१. फार कमी केलात तर आवाज तडतडेल. आणि ऐकताय कशातून ते राहिलंच.

हलगीवाला
ब्लूटूथ स्पीकर. त्याचा काय संबंध? गाणी त्यावर नीट वाजतात.

रात्रपाळी
गाणं थोडं उशिरा सुरू झालं तर कोणाला कळतंय? कळ दाबताना लगेच कळतं. ब्लूटूथमध्ये १००-२०० मिलिसेकंद सहज जातात, तिथे बफर कितीही कमी करा. वायरचा हेडफोन लावा.

खर्जातला
सॅम्पल फोनवर रेकॉर्ड केलंय का? थापेच्या आधी रिकामी जागा राहिली असेल. त्याच कळांवर किकर (एलएमएमएसमधलंच ड्रमच्या ठोक्याचं वाद्य) वाजवून बघा, फरक लगेच कळेल.

हलगीवाला
हो, फोनवरच. वायर लावली. किकर लगेच वाजतो, हलगी अजून मागेच.

खर्जातला
मग सॅम्पलच. ऑडिओफाइलप्रोसेसरमध्ये (एलएमएमएसमधलं सॅम्पल वाजवणारं वाद्य) सुरुवातीची खूण थापेपर्यंत सरकवा. फाइल कापायची गरज नाही.

वाडीतला_बाळू
हलगी शेकून घेतली होती का पण? पावसाळ्यात चामडं सैल पडतं, मग कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये भदभदच वाजणार. आमच्याकडे आधी जाळ, मग थाप.

जुना_पेंग्विन
यावर मात्र सहमत.

हलगीवाला
बाळूभाऊ, शेकली होती. खूण सरकवली, बसलं. आता वाजवलेलं रेकॉर्ड होत नाहीये. बटण कुठाय?

रात्रपाळी
कळा की माइक? कळा असतील तर पियानो रोल (सूर मांडायची खिडकी) उघडा, रेकॉर्डचं बटण वर आहे. माइक असेल तर १.२ मध्ये ती सोयच नाही, ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करून फाइल आत आणा.