१ मे नेमका कुणाचा? लाल झेंडे आता पुरे करा

चौपाडकर: १ मे आला की सोलापूरच्या पूर्वभागात, गिरणी-विडी कामगारांच्या वस्तीत, लाल झेंडे लागतात. १०६ हुतात्म्यांनी ज्या राज्यासाठी जीव दिला, त्याच्या वाढदिवशी शिकागोच्या कामगार दिनाचं कौतुक कशाला? लक्ष्मी-विष्णू गिरणी गेली, नरसिंग गिरजी गिरणी गेली, भोंगे थांबले. गिरणीच नाही तर दिवस कुणाचा? महाराष्ट्र दिन, एवढंच नाव ठेवा.

निवृत्त मास्तर: वाचून डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहितो. १ मे १८८६ ला अमेरिकेतले कामगार आठ तासांच्या दिवसासाठी संपावर गेले. ४ तारखेला शिकागोच्या हेमार्केट चौकात कामगारांच्या सभेत बाँब फुटला. तो कुणी टाकला हे आजवर सिद्ध झालेलं नाही, तरी पुढच्या वर्षी चौघांना फाशी दिली. १८८९ च्या पॅरिसमधल्या समाजवाद्यांच्या परिषदेने हा दिवस जगाचा केला. आपल्या देशात १९२३ साली मद्रासला सिंगारवेलू चेट्टियार यांनी तो पहिल्यांदा पाळला. राज्य झालं १९६० ला. मग उपरा दिवस कुठला? आणि २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबईत फ्लोरा फाउंटनवर गोळ्या झेलणाऱ्या मोर्चात कामगारच होते. तुमचे १०६ आणि आमचा लाल झेंडा वेगळे काढता येत नाहीत. १२ जानेवारी १९३१ ला स्वातंत्र्यलढ्यात आपल्या सोलापूरच्याही चौघांना फाशी झाली. त्यांच्या गावात राहून असं लिहवतं कसं?

मागवाला: मास्तर, इतिहास ठीक. पण गिरण्या बुडवल्या कुणी? उठसूट संप करणाऱ्यांनीच. माझे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. गिरणी बंद पडली, पुढारी पांगले, वडिलांनी मंगळवार बाजारात भाजी विकली. आज माझे आठ यंत्रमाग आहेत. सुताचा भाव, वीजबिल मी भरायचं आणि पगारी सुट्टीही मीच द्यायची?

दत्तनगरची लेक: तुमच्याकडे बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या चालतात, ते का नाही सांगत दादा? १८८६ चं भांडण आठ तासांचंच होतं. माझी आई विड्या वळते. मजुरी हजार विड्यांमागे. सुट्टी घेतली की तेवढी मजुरी बुडाली. खराब म्हणून काढलेल्या विड्यांचे पैसे मिळत नाहीत, आणि त्या विड्या परतही देत नाहीत. तिच्यासाठी १ मे म्हणजे पोरांच्या निकालाचा दिवस.

मागवाला: विडीचा धंदा बंदच व्हायला पाहिजे. कॅन्सर पसरवायचा आणि वर हक्क मागायचे?

दत्तनगरची लेक: बंद करा की! आधी आईला दुसरं काम द्या. तंबाखूच्या धुळीने तीच रात्रभर खोकते. आकडे नका सांगू मला.

चौपाडकर: सरकारने कामगारांना घरं दिली ना? शहराजवळ कुंभारीत १० हजार, परत तिथल्याच रे नगर वसाहतीत २०२४ मध्ये १५ हजार.

दत्तनगरची लेक: दिली नाहीत, घेतली. उन्हातान्हात बायका किती वर्षं मोर्च्यात चालल्या ते विचारा कुणालाही पूर्वभागात. त्या मोर्च्यांत झेंडा कुठला होता?

चौपाडकर: बरं, घरांचं मान्य. तेवढंच. पण खुद्द अमेरिका १ मे ला सुट्टी देत नाही, ती सप्टेंबरात देते. मग आपण का कवटाळून बसायचं?

निवृत्त मास्तर: तिथल्या सरकारला तो दिवस नकोच होता, म्हणून १८९४ ला सप्टेंबरातली सुट्टी दिली. हिटलरने उलटं केलं. १९३३ ला १ मे ची सुट्टी जाहीर केली आणि २ तारखेला युनियनच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या. सुट्टी मिळाली म्हणजे दिवस आपला झाला असं नव्हे. आपल्याच मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये कारखान्यातल्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर न्यायला मंजुरी दिली. त्यावर तुमची एक ओळ नाही.

मागवाला: एवढं बोलताय तर ऐका. यंदा १ मे ला माग बंद ठेवतो. पगार निम्मा देईन, पुरा जमणार नाही.

दत्तनगरची लेक: निम्मा पगार म्हणजे सुट्टी नाही दादा, अर्धा खाडा झाला तो. पुरा द्या, मग बोलू.