१:४८ रेझिनचे ड्रॅगन रॅपिड: वाकलेले पंख, मुंबईची हवा आणि तारांचा ताण

मुलुंडकर (प्रश्न)

नमस्कार. गेली आठ-दहा वर्षे मी प्लॅस्टिकची विमाने जोडतो आहे, परंतु रेझिनला आजवर हात लावलेला नव्हता. परिचयातील एका ज्येष्ठ गृहस्थांनी घर बदलताना आपल्याकडची न जोडलेली किट वाटून टाकली आणि त्यांतून माझ्या वाट्याला डी हॅविलँड ड्रॅगन रॅपिड या दुपंखी प्रवासी विमानाचे १:४८ प्रमाणातले किट आले. खोका निदान पंधरा वर्षे माळ्यावर पडून होता. धड दोन अर्ध्या भागांत आहे, पंख भरीव ओतलेले आहेत, चाकांचे दांडे आणि पंखांमधले खांब पांढऱ्या धातूचे आहेत, आणि खिडक्यांसाठी साच्यावर दाबून काढलेला एक पातळ पारदर्शक पत्रा आहे, जो आता चहाच्या रंगाकडे झुकला आहे.

मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार १४.६३ मीटर, म्हणजे माझा वरचा अखंड पंख ३० सेंटिमीटरांहून थोडा अधिक भरतो. तो काचेवर ठेवला, तर एक टोक सहा मिलिमीटर वर राहते आणि दुसरे खाली झुकते. खालचे दोन्ही पंखही किंचित पिळवटलेले आहेत. हे सरळ करता येतील का, आणि केले तरी आमच्या पश्चिमेकडच्या भिंतीवरील फळीवर मे महिन्यात ते सरळ राहतील का, ही माझी मुख्य शंका आहे. त्याखेरीज वरच्या-खालच्या पंखांना बांधणाऱ्या तारा केव्हा आणि कशाच्या ओवाव्यात आणि रंग कोणता द्यावा, हेही विचारायचे आहे. जुहूच्या धावपट्टीवर शोभेल असे, युद्धापूर्वीच्या काळातले विमान करण्याची इच्छा आहे.

जुना खिळा

मुलुंडकर, पंख सरळ होतील, याबद्दल निश्चिंत राहा. ते सरळ राहतील का, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे आणि बहुतेक जण तो मॉडेल पूर्ण झाल्यावर स्वतःला विचारतात.

ओतीव रेझिन हे बहुधा पॉलियुरेथेन असते. ते उष्णतेने मऊ होते, परंतु त्याचा दुसरा गुण असा की, ते न तापवताही स्वतःच्या वजनाने महिनोन्‌महिने हळूहळू वाकत राहते. तुमचा पंख माळ्यावर बिघडला तो याच कारणाने; खोक्यात तो दोन टोकांवर टेकलेला किंवा एका बाजूने दबलेला असणार. म्हणून गरम पाण्याने सरळ करणे हा अर्धाच इलाज आहे आणि आत पोलादी कणा घालणे हा उरलेला अर्धा.

आधी सर्व भाग कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने धुऊन घ्या, कारण साच्यातून सुटावे म्हणून लावलेला तेलकट थर राहिला, तर पुढे रंग सोलपटून निघतो. मग साधारण ६० ते ७० अंशांच्या पाण्यात पंख अर्धा-एक मिनिट बुडवा, फोटोच्या चौकटीतल्या सपाट काचेवर ठेवा, वरून दुसरी काच दाबा आणि तशाच अवस्थेत थंड पाण्याखाली धरा. एकदम उकळते पाणी घेऊ नका. किटमधून कापून टाकायचा ओतकामाचा जाड ठोकळा असतो, त्याच्या एका पातळ कापावर आधी प्रयोग करून पाहा, म्हणजे तुमचे रेझिन किती उष्णतेला वाकते ते कळेल. केस वाळवण्याचे यंत्र मी वापरत नाही. त्याने एक जागा लोण्यासारखी होते आणि शेजारची कडकच राहते.

आता कणा. वरच्या पंखाच्या खालच्या बाजूस, मूळ विमानात पंख पेलणारी पुढची तुळई जिथे असेल साधारण त्या रेषेत, एका टोकाजवळून दुसऱ्या टोकाजवळपर्यंत एक मिलिमीटर रुंद खाच कोरा. तीत एक मिलिमीटरची पियानो वायर बसवून अ‍ॅराल्डाइटने भरा. हळू सुकणारे घ्या, पाच मिनिटांचे नको. या पंखाला मध्यापासून दोन्हीकडे किंचित चढ आहे, म्हणून तार बसवण्यापूर्वी तिला मध्यावर तेवढाच बाक द्या आणि अ‍ॅराल्डाइट सुकेपर्यंत पंख पुठ्ठ्याच्या साच्यावर बांधून ठेवा. सुकल्यावर ४०० नंबरच्या वॉटर पेपरने पाण्यातच घासून सपाट करा. कोरडे घासू नका आणि पाण्यात घासतानाही तोंडावर मास्क ठेवा. रेझिनची धूळ फुप्फुसांत गेली, तर तिला बाहेरची वाट नाही. खालच्या पंखांनाही असेच करा. खाच तळाच्या बाजूला असल्याने फळीवरच्या विमानात ती कोणाला दिसणार नाही.

खालच्या पंखांच्या सांध्यात ०.८ मिलिमीटरच्या दोन-दोन पितळी खुंट्या आरपार घाला. प्लॅस्टिकच्या सवयीने द्रव सिमेंट लावू नका, त्याचा रेझिनवर काहीही परिणाम होत नाही. तार, पितळी सळ्या आणि बारीक ड्रिल नागदेवी रस्त्यावर मिळतील. सोनाराची करवत आणि चिमटे घ्यायचे असतील, तर झवेरी बाजाराच्या आसपासच्या हत्यारांच्या दुकानांत पाहा, छंदाच्या वस्तू म्हणून विकल्या जाणाऱ्या हत्यारांपेक्षा ती स्वस्त आणि टिकाऊ निघतात.

फळीबद्दल एकच सांगतो: पश्चिमेच्या भिंतीवरून ती हलवा.

पितळी तार

जुना खिळा काकांच्या म्हणण्यात कण्याबद्दल शंका घेण्यासारखे काही नाही. मी फक्त तारांबद्दल लिहितो, कारण रॅपिडचे सौंदर्य आणि मनस्ताप दोन्ही त्यांतच आहेत.

जुन्या पद्धतीप्रमाणे पुष्कळ जण मासेमारीचा नायलॉनचा बारीक दोरा ओवतात आणि उदबत्तीचे पेटते टोक जवळून फिरवून तो आखडून घेतात. दोरा सतारीच्या तारेसारखा ताठ होतो आणि पाहणारा खूश होतो. प्लॅस्टिकच्या मॉडेलवर हे चालते. रेझिनच्या पातळ पंखावर मात्र हा ताण दिवसरात्र काम करत राहतो आणि सर्व तारा सारख्या ओढल्या गेल्या नाहीत, तर काकांच्या पद्धतीने सरळ केलेला पंख तुम्ही स्वतःच्या हाताने पुन्हा पिळता. म्हणून ताणला जाणारा धागा घ्यावा. मॉडेलसाठीचा खास धागा महाग वाटला, तर जुन्या स्टॉकिंगमधून लायक्राचा एकेक तंतू सोडवून काढता येतो; तो दुप्पट लांब होतो आणि पंखावर जवळजवळ काहीच जोर टाकत नाही. मूळ विमानातल्या तारा गोल नसून हवेला कापणाऱ्या चपट्या आडव्या छेदाच्या असत, पण या प्रमाणात तो फरक दाखवण्याच्या नादाला मी तरी लागणार नाही.

क्रम असा ठेवा. रंगापूर्वीच ०.३ मिलिमीटरची सर्व छिद्रे पाडून घ्या, वरच्या पंखातली आंधळी, म्हणजे आरपार न जाणारी, आणि खालच्या पंखातली आरपार. खालचे पंख, इंजिनांची कवचे आणि त्यांच्याखालची चाकांची आवरणे जोडून पुरी करा. वरचा पंख स्वतंत्रपणे रंगवून प्रत्येक धाग्याचे एक टोक त्यात चिकटवा. मग खांब उभे करून वरचा पंख बसवा आणि दुसऱ्या दिवशी धागे खालच्या छिद्रांतून ओढून तळाला चिकटवा. खांब सुकण्याआधी तारा ओढण्याची घाई मी एकदा केली होती. त्या विमानाचे छायाचित्र मी कोणाला दाखवत नाही.

गच्चीवाला

रंगाचा विषय राहिला आहे, म्हणून लिहितो.

सर्वप्रथम हे ध्यानात घ्यावे की रॅपिड हे धातूचे विमान नाही. एप्रिल १९३४ मध्ये पहिले उड्डाण झालेल्या या विमानाचे धड म्हणजे प्लायवूडची पेटी आणि तिच्यावर ताणलेले कापड; पंखही लाकडी सांगाड्यावर कापड चढवलेले. डाकोटासारखे धातूचे विमान करताना आपण जे रिव्हेट आणि पत्र्यांचे सांधे हौसेने कोरतो, त्यांना इथे जागा नाही. पंखांवर फासळ्यांच्या पट्ट्या दिसाव्यात, त्याही अगदी हलक्या, कारण ताणलेले कापड फासळ्यांच्या मध्ये खड्डे पडल्यासारखे लोंबत नाही.

त्या काळातला चंदेरी रंग म्हणजे कापडावर दिलेले अ‍ॅल्युमिनियमची पूड मिसळलेले डोप, म्हणजे कापड ताठ करणारे रोगण, होते. कापड उन्हाने कुजू नये, हा त्याचा उपयोग होता. त्यामुळे आरशासारखे चकाकणारे क्रोम वापरू नका. साध्या अ‍ॅल्युमिनियम रंगात थोडासा फिकट करडा मिसळला, तर ती मंद, सपाट झाक येते. फक्त इंजिनांची कवचे धातूची असल्याने किंचित अधिक उजळ ठेवता येतील. त्यांच्या आत जिप्सी सिक्स हे २०० अश्वशक्तीचे, एकामागे एक सहा सिलिंडर उलटे टांगलेले इंजिन असे, म्हणून ती इतकी अरुंद दिसतात.

लॅकर रंग वापरणार असाल, तर जून ते सप्टेंबर हात आखडता घ्या. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि रंगावर पांढुरकी झाक येते. मी पावसाळ्यात केवळ घासकाम आणि जोडकाम करतो. घाईच असेल, तर बंद खोलीत तासभर एसी चालवून हवा कोरडी करून घ्या.

आता नोंदणीची अक्षरे. १९२९ च्या सुमारापर्यंत आपल्याकडच्या विमानांवर 'जी-आय'ने सुरू होणारी अक्षरे असत, त्यानंतर 'व्हीटी' आली. ही अक्षरे 'व्हाइसरॉय टेरिटरी'ची आद्याक्षरे असल्याची कथा दर दोन वर्षांनी नव्याने फिरते. प्रत्यक्षात १९२७ च्या वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय रेडिओ परिषदेत देशांना जी संकेताक्षरे वाटली गेली, त्यांतून ती आली. जुहूचा विमानतळ १९२८ चा, तेव्हा काळाच्या दृष्टीने तुमची कल्पना योग्य आहे. मात्र मनाने अक्षरे जुळवू नका. ज्या रॅपिडचे छायाचित्र तुमच्या हाती असेल, तिचीच अक्षरे घ्या आणि त्या छायाचित्रात आणखी एक गोष्ट तपासा: १९३७ पासून खालच्या पंखांना छोटे फ्लॅप, म्हणजे उतरताना खाली वळणाऱ्या झडपा, बसवू लागले आणि अशा विमानांना 'डीएच ८९ ए' म्हणू लागले. किटमध्ये फ्लॅपच्या रेषा कोरलेल्या असतील आणि तुमचे विमान त्याआधीचे असेल, तर त्या रेषा भरून टाकाव्या लागतील.

मुलुंडकर

तिघांचेही मनापासून आभार. पाच आठवड्यांनी कळवतो आहे. ठोकळ्याच्या कापावर प्रयोग केला, तेव्हा ६५ अंशांच्या आसपास रेझिन वाकले. वरच्या पंखात तार घालून तो मुद्दाम दोन पुस्तकांवर टोके टेकवून ठेवला होता. तीन आठवड्यांत काचेवर मोजण्याजोगा फरक पडलेला नाही. खालच्या डाव्या पंखात खाच कोरताना करवत घसरून आरपार गेली, ती एम-सीलने भरली आणि आता जागा शोधावी लागते. फ्लॅपच्या रेषा किटमध्ये आहेत, त्यामुळे १९३७ नंतरचे विमान शोधतो आहे. फळी पूर्वेच्या भिंतीवर हलवली.

खिडक्यांचे मात्र काय करावे? बाजूच्या खिडक्या मोठ्या आहेत आणि पिवळेपणा रंगापेक्षा आधी नजरेत भरतो.

जुना खिळा

बाजूच्या खिडक्या जवळजवळ सपाट आहेत, त्यामुळे जुना पत्रा नमुना म्हणून वापरून मिठाईच्या किंवा शर्टाच्या खोक्याच्या पारदर्शक झाकणातून नव्या कापून घ्या. पुढची वैमानिकाची काच गोलाकार असल्याने तिचे असे चालणार नाही. जुन्या काचेत आतून अ‍ॅराल्डाइट भरून, त्याचा घट्ट साचा करून, नवा पत्रा तापवून त्यावर दाबावा लागेल. चार-पाच पत्रे वाया जातील असे धरून चला. आणि या कोणत्याही काचेजवळ झटपट सुकणारा सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद आणू नका. त्याच्या वाफेने काचेवर पांढरे धुके बसते, आणि धड चिकटवल्यानंतर ते आतून पुसायला बोट जात नाही. साधे फेविकॉल सुईच्या टोकाने लावा, ते सुकल्यावर दिसेनासे होते.