मदत हवी आहे: पेसर घोड्याच्या चालीला मराठीत काय म्हणतात?

नमस्कार मंडळी. १९८० च्या अमेरिकेतल्या हार्नेस रेसिंगच्या मोसमावर लेख लिहितोय आणि एका शब्दावर अडकलोय. या शर्यतीत जॉकी पाठीवर नसतो. घोडा दोन चाकांची हलकी गाडी ओढतो आणि चालक तिच्यात बसतो. ट्रॉटर तिरके पाय जोडीने उचलतो, म्हणजे आपली दुडकी. पेसर मात्र एकाच बाजूचे दोन्ही पाय एकदम पुढे टाकतो. या चालीला जुना शब्द आहे का? घोड्यांत वाढलेल्या कुणाच्या आजोबांना माहीत असेल तर जरूर विचारा.

लेखाचा नायक नायट्रॉस नावाचा पेसर घोडा. ३९ शर्यतींत ३७ विजय! १९८० च्या उन्हाळ्यात साराटोगाच्या शर्यतीत गडी चक्क धावपट्टीच्या कठड्यावरून पडला, तरी त्याच वर्षी केन पेस, लिटल ब्राउन जग आणि मेसेंजर या तीन शर्यतींचा तिहेरी मुकुट त्याने जिंकला. ऑक्टोबरमध्ये लेक्सिंग्टनच्या रेड माइल या धावपट्टीवर त्याचा चालक क्लिंट गॅलब्रेथने त्याला प्रतिस्पर्ध्यांशिवाय, फक्त घड्याळाविरुद्ध पळवला: मैल १ मिनिट ४९.२ सेकंदांत. आधीचा विक्रम १:५२ चा, १९७१ पासूनचा. जवळपास तीन सेकंद कापले, मला तर अजून पटत नाही.

दुसरी शंका: या 'टाइम ट्रायल'ला काय म्हणू? 'वेळचाचणी' म्हटलं की शाळेची परीक्षा आठवते. सुचवा काहीतरी. लेख रविवारी द्यायचाय.