एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी सोय करायचीय, पण त्यांच्यासोबत बसून कशी ठरवायची?

राजेंद्रनगरकर, इंदूर
नमस्कार मंडळी. आमच्या भागात आता कितीतरी घरं अशी आहेत की मुलं पुण्याला, बंगलोरला नाहीतर परदेशात आणि घरात नुसते काका-काकू, काही ठिकाणी तर एकट्या काकूच. म्हणून कॉलनीतल्या आम्ही काही जणांनी ठरवलं की त्यांच्यासाठी काहीतरी कायमचं सुरू करायचं, म्हणजे दवाखान्यात सोबत जाणं, औषधं आणून देणं, नोव्हेंबरात पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचं काम, दुपारचा डबा वगैरे. थोडे पैसे जमलेत आणि एक हॉल दिवसा रिकामा असतो तोही मिळतोय.

तर झालं असं की सगळी योजना चाळीस-पन्नाशीतल्या लोकांनीच बनवली आणि ती ऐकवायला ज्येष्ठांना बोलावलं, तेव्हा एक आजी सरळ म्हणाल्या की मला डबा नको, स्वयंपाक मला येतो, मला संध्याकाळी मेन रोड ओलांडून देवळात जाता येत नाही त्याचं काय ते बघा. तेव्हापासून ही गोष्ट डोक्यातून जात नाहीये. ज्यांच्यासाठी सेवा आहे त्यांनीच ती आपल्यासोबत उभी करायची, हे प्रत्यक्षात कसं करतात? नुसती सूचनांची पेटी ठेवून भागणार नाही हे कळतंय. आणि दुसरं, त्यांच्यावर कामं टाकली तर आपलं ओझं त्यांच्यावर ढकलल्यासारखं नाही का होणार?

निवृत्त मास्तर, सुदामानगर
फार चांगला प्रश्न. याला को-प्रॉडक्शन म्हणतात, अमेरिकेत एलिनॉर ऑस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात पोलीस सेवांचा अभ्यास करताना हा विचार मांडला, त्याच ऑस्ट्रॉमबाई ज्यांना पुढे २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं आणि ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यांचं म्हणणं असं की मोहल्ल्यातली सुरक्षितता काय किंवा शिक्षण काय, ते एकटा पोलीस किंवा एकटा मास्तर तयार करूच शकत नाही, घेणाऱ्याचा हात लागल्याशिवाय ती गोष्ट बनतच नाही. मी आयुष्यभर वर्गात हेच बघितलंय, मुलगा स्वतः शिकायला बसला नाही तर मी फळ्यावर कितीही लिहिलं तरी उपयोग नाही.

आपल्या इंदूरचंच घ्या ना. २०१७ पासून आपण स्वच्छतेत पहिले आलो ते काय नुसत्या गाड्यांमुळे? ओला-सुका घरातच वेगळा होतो, पुढे तर प्लास्टिक, सॅनिटरी, ई-कचरा, घातक कचरा असे सहा प्रकार झाले, आणि हे काम घराघरातल्या बायका रोज सकाळी करतात. देवगुराडियाचा, ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवणारा रोज ५५० टन क्षमतेचा सीएनजी प्लांट २०२२ मध्ये सुरू झाला, पण त्यात जाणारा ओला कचरा आधी स्वयंपाकघरात वेगळा झालेला असावा लागतो. मात्र एक फरक ध्यानात ठेवा, इथे काम लोकांनी केलं पण ठरवलं बहुतेक निगमने, म्हणजे महापालिकेने. तुम्हाला ठरवण्यातही वाटा द्यायचाय आणि अवघड ते आहे.

सिस्टरताई
मी सरकारी दवाखान्यात नोकरी केलेली, म्हणून लिहिते. रोगी कल्याण समिती आज देशभर आहे पण तिची सुरुवात आपल्या इंदूरच्या एमवाय हॉस्पिटलपासून झाली हे नव्या पोरांना माहीतच नसतं. १९९४ ला सुरतेत प्लेग आला, त्यानंतर एमवायमधले रुग्ण हलवून अख्खं हॉस्पिटल साफ केलं, उंदीर काढले, आणि मग समिती बनली की रुग्णांकडून थोडी फी घ्यायची पण तो पैसा सरकारी खजिन्यात न पाठवता तिथेच दुरुस्तीला, औषधाला वापरायचा. पुढे ही पद्धत पूर्ण मध्य प्रदेशात गेली आणि २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने देशभर नेली. पैसा जागच्या जागी राहणं ही फार मोठी गोष्ट होती, ते मी मनापासून मानते.

पण खुर्चीवर कोण? अधिकारी, लोकप्रतिनिधी, मोठे देणगीदार. रुग्ण बिचारा चार दिवसांत घरी जातो, तो समितीत कुठून येणार. तुमचे ज्येष्ठ मात्र तिथेच राहणारे आहेत, तुम्हाला ही अडचण नाही. म्हणून माझं सांगणं एवढंच की समितीत निम्म्याहून जास्त जागा त्यांना द्या आणि जमलेल्या पैशातला ठरलेला हिस्सा कशावर खर्च करायचा हे फक्त त्यांनीच ठरवायचं, तुम्ही हिशेब तपासा पण नाही म्हणू नका. पैसा हातात नसेल तर माणूस मीटिंगला येऊन चहा पिऊन जातो आणि पुढच्या वेळी येत नाही.

मांडवीकर, बडोदा
बडोद्याहून लिहितोय. आमच्याकडे सयाजीराव महाराजांनी १९१० ला बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला आणून गावोगाव वाचनालयं काढली, त्यात नियम असा होता की गावाने जेवढी रक्कम जमवायची तेवढीच प्रांत पंचायतीने (म्हणजे जिल्ह्याच्या पंचायतीने) आणि तेवढीच सरकारने घालायची. म्हणजे पहिलं पाऊल गावाचं, पण बाकीच्या दोघांची सुटका नाही.

तुमचा ओझं ढकलण्याचा प्रश्न इथेच सुटतो असं मला वाटतं. कराचीच्या ओरंगी वस्तीत १९८० पासून अख्तर हमीद खान यांनी हेच केलं, घरातला संडास आणि गल्लीतली गटार लोकांनी स्वतःच्या पैशाने नि देखरेखीखाली बांधायची, पण मोठा नाला आणि पुढची सफाई सरकारची. वाटणी आधीच स्पष्ट. तुमच्या आजींचा रस्ता हे निगमचं काम आहे भाऊ, तिथे कॉलनीतल्या पोराने रोज हात धरून पलीकडे नेणं हा कायमचा उपाय नव्हे. त्याच आजींना आणि त्यांच्या मैत्रिणींना घेऊन निगमच्या झोनल ऑफिसला जा, त्यांच्या ३११ ॲपवर तक्रार टाका, दिवा, पट्टे, स्पीडब्रेकर कुठे हवा ते त्यांनीच दाखवू द्या. इंजिनियरला नकाशात ते दिसत नाही, रोज चालणाऱ्याला दिसतं.

आईची लेक, लोकमान्य नगर
वरचं सगळं पटलं, पण मीटिंगला येतात कोण हे पण बघा ना. माझी आई अंथरुणावर आहे, शेजारच्या काकांना ऐकू येत नाही, आणि जिथे जिथे मी गेलेय तिथे आजोबा लोक बोलतात आणि आज्या नुसत्या मान हलवतात. हॉलमध्ये बोलावून जे ठरेल ते चालत्या-फिरत्या लोकांचंच ठरेल. घरी जा, दुपारी चारच्या चहाला जा, सून समोर नसताना विचारा कारण तिच्यासमोर त्या काहीच सांगत नाहीत. आणि ज्या मावशी दिवसभर सांभाळतात त्यांना विचारल्याशिवाय काहीही ठरवू नका, आईला रात्री किती वाजता भीती वाटते हे मला नाही, मावशींना माहीत आहे. त्या समितीत हव्यात, आणि त्यांचा वेळ जातो तर त्याचे पैसे द्या, आपला सुट्टीचा वेळ आणि त्यांचा रोजगाराचा वेळ एक नाही.

आणि काम टाकण्याबद्दल म्हणाल तर माझी आई अंथरुणातून फोनवर गल्लीतल्या सगळ्यांची चौकशी करू शकते, तिला कोणी सांगितलं तर ती आनंदाने रोज करेल. तिला काहीच मागत नाही कोणी, त्याचं तिला जास्त लागतं.

राजेंद्रनगरकर, इंदूर
सगळ्यांचे खूप आभार, ताई तुमचं शेवटचं वाचून मी तसाच उठून घरच्यांना वाचून दाखवलं. डब्याचं सध्या थांबवतोय. आधी घरोघरी जाणार, दोघी-दोघींच्या जोडीने आणि प्रत्येक जोडीत एक ज्येष्ठ असणारच, म्हणजे विचारणाराही त्यांच्यातलाच. सकाळच्या फोनची साखळी लगेच सुरू करता येईल, त्याला पैसेही लागत नाहीत, तर ताई तुमच्या आईंना विचारून सांगाल का त्या आमच्या चार-पाच जणींना फोनवर कसं सुरू करायचं ते सांगतील का? रस्त्याच्या कामाला सोमवारी झोनल ऑफिसला जातोय, आजी स्वतः येते म्हणाल्यात. सिस्टरताई, त्या ठरलेल्या हिश्श्याचा हिशेब कसा ठेवायचा, वही कोणाकडे ठेवायची आणि सही कोणाकोणाची, ते जरा सविस्तर लिहा ना.